सुभेदारासाठी मोकळी जागा

बोईसर,
रविवार, २ जून १९८५

ती. आनंदीवहिनींस,
विश्रामचा नमस्कार.

आपण नागपूरला शालूकडे सुखरूप पोहोचल्याचे कार्ड मिळाले. एका विषयात मला आपली संमती हवी आहे, आणि ती मिळेपर्यंत मी कोणतेही पाऊल उचलणार नाही, हे आधीच नमूद करतो. विषय सुभेदाराचा आहे.

दादा गेल्यावर चिंचणीची वाडी मक्त्याने दिली, घराला कुलूप लागले आणि आपणांस तिसऱ्या मजल्यावर राहायला जावे लागले. तेव्हा दादाच्या कुत्र्याला मी ठेवतो, असे मीच सर्वांसमोर म्हणालो होतो. त्या शब्दाचा मला पश्चात्ताप नाही. परंतु कॉलनीच्या नियमाप्रमाणे कुत्रे बांधून ठेवणे बंधनकारक आहे. मी कारखान्यात जातो तेव्हापासून परत येईपर्यंत सुभेदार व्हरांड्यात साखळीला असतो. आल्यावर मी त्याला पट्ट्याला धरून कॉलनीभोवती एक फेरी मारून आणतो. तो जेवतो, औषध घेतो, कोणावर धावून जात नाही. मात्र कारखान्याचा भोंगा झाला की मान वर करून असा सूर काढतो की रात्रपाळी करून दिवसा झोपलेले शेजारी उठून बसतात. तो सूर भोंगा थांबल्यावरही थांबत नाही.

रहिवासी समितीने मला लेखी कळवले आहे की पावसाळा संपेपर्यंत यात सुधारणा न झाल्यास कुत्रे कॉलनीतून हलवावे. त्यांची तक्रार खोटी नाही, म्हणून मला रागही धरता येत नाही. सफाळ्याचे एक पोल्ट्रीवाले राखणीसाठी कुत्रे शोधत आहेत. फाटकाशी बांधून ठेवतील, पण पोटभर खाऊ घालतील असे म्हणतात.

दादाच्या हाताने वाढलेले, माझ्याजवळ एवढे एकच सजीव आता उरले आहे. ते राहावे असे मन म्हणते. त्याचे हित कशात आहे, हे मात्र मला ठरवता येत नाही. आपण सांगाल तसे करीन.

आपला,
विश्राम

---

नागपूर,
९ जून

प्रिय विश्रामभाऊजी,

पोल्ट्रीवाल्याला नको म्हणून सांगा, आणि मग पुढचे वाचा.

सांगितलेत? आता ऐका. सुभेदाराच्या गळ्यात जन्मात साखळी पडलेली नाही. यांच्याबरोबर सकाळी अख्खी वाडी पालथी घालायचा, ओहोटी असली तर पाण्यापर्यंत जाऊन लाटांना भुंकून यायचा, आणि मग दिवसभर चिकूखाली मेल्यासारखा निजायचा. भोंगा काय, दारात बँड वाजला असता तरी त्याने कान हलवला नसता. तुम्ही त्याला पट्ट्याला धरून, हातात छत्री घेऊन, कॉलनीभोवती मिरवून आणता ती फेरी नव्हे भाऊजी, ती वरात झाली. नवरदेवाचे पाय तरी मोकळे होतात का तिच्यात?

त्याला रोज एकदा सुटा सोडा. मनसोक्त पळाला की तो दिवसभर झोपेल, आणि तुमची समितीही झोपेल. बोईसर-पालघरात एवढी जमीन पडली आहे, एक कुत्रे पळण्यापुरती सापडू नये? तुम्ही कारखान्याच्या हिशेबात हरवलेला पैसा शोधून काढता म्हणतात. एक जागा शोधा.

मी इथे मजेत आहे. शालू, जावई सगळे करतात. माझी काळजी करू नका.

तुमची वहिनी,
आनंदी

---

बोईसर,
रविवार, २३ जून १९८५

ती. वहिनींस,
सप्रेम नमस्कार.

पोल्ट्रीवाल्यांना तूर्त नकार कळवला. आपल्या सूचनेनुसार शोध सुरू केला असून आजवरचा वृत्तांत सादर करतो.

प्रथम कॉलनीच्या क्रीडांगणाची रीतसर परवानगी घेतली. सुभेदाराने पहिल्याच सकाळी चालू सामन्यातला चेंडू पळवला व खेळपट्टीच्या मध्यभागी बसून चावला. पुन्हा येऊ नये, असे खेळाडूंनी मला सभ्य भाषेत सांगितले. एकाने असभ्य भाषेतही सांगितले, परंतु त्याचे शतक व्हायचे होते असे कळल्यामुळे मी ते मनावर घेतले नाही.

त्यानंतर सरावलीला कामगारांच्या चाळींमागचे मोकळे मैदान पाहिले. तेथे कुत्र्यांची स्वतःची समिती आहे आणि ती आमच्या समितीपेक्षा कडक आहे. आम्ही दोघेही स्कूटरवर बसून परतलो. सुभेदार पायाशी फळीवर उभा राहून प्रवास करायला शिकला आहे, ही त्या दिवसाची एकमेव जमेची बाब.

मग पूर्वेकडे डोंगराच्या पायथ्याशी गेलो. तेथे सुका नावाचे एक शेतकरी आपल्या तुकड्याचा बांध नीट करीत होते. मी येण्याचे कारण सांगितले. त्यांनी सुभेदाराला निरखून पाहिले, पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "सायेब, कुत्रा गुनी हाय. पन बकऱ्यांना ते कोन सांगल?"

त्यांच्या पत्नी बुधी बकऱ्या वळत होत्या. त्या लांबूनच ओरडल्या, "राब पेरलाय, त्यात घुसला तं भात तुमच्या कचेरीत पेरायचा काय?"

दोघांचेही म्हणणे रास्त होते. सुकांनी आम्हाला बसायला खाट दिली, सुभेदारापुढे पाणी ठेवले आणि "थंडीत भात कापल्यावर आना, तवा पळूं दे," असे आपण होऊन सांगितले. नकार देतानाही माणूस इतका देऊ शकतो, याचे मला नवल वाटले. परंतु समितीची मुदत थंडीपर्यंतची नाही.

चिंचणीचा किनाराही एकदा पाहून आलो. तो सोयीस्कर ठरला नाही. कारण सवडीने लिहीन.

आपला,
विश्राम

---

नागपूर,
१ जुलै

प्रिय भाऊजी,

बुधीबाईंचे बोलणे वाचून शालू हसत होती. मी मात्र शेवटच्या ओळीवर अडकले आहे. चिंचणीचा किनारा सोयीस्कर का नाही? सुभेदार त्या वाळूत लहानाचा मोठा झाला. कारण सवडीने नको, लगेच लिहा. तुम्ही एखादी गोष्ट दोन ओळींत उरकली की ती मोठी असते, हे मला तुमच्या मॅट्रिकच्या निकालापासून माहीत आहे.

आणि एक सांगते. तुम्ही शेतकऱ्यांना विचारलेत, खेळाडूंना विचारलेत. किनाऱ्यावरच्या बायकांना विचारलेत का? तुमच्या कॉलनीत मुरब्याची काशीबाई मासळी घेऊन येते ना? पूर्वी ती चिंचणीलाही यायची. तोंडाने तिखट आहे, पण तिला विचारा. आणि विचारताना अर्ज केल्यासारखे विचारू नका.

आनंदी

---

बोईसर,
रविवार, १४ जुलै १९८५

ती. वहिनींस,
सप्रेम नमस्कार.

आपली आज्ञा प्रथम पाळतो.

चिंचणीला ओहोटीच्या वेळी मी सुभेदाराचा पट्टा सोडला. पाण्याकडे जाईल असे वाटले होते. तो मागे वळला, आणि मी स्कूटर सुरू करीपर्यंत दिसेनासा झाला. मला तो आपल्या घरी सापडला. कुलूप लावलेल्या दारासमोर, ओट्यावर, पुढचे पाय जुळवून बसला होता. भुंकत नव्हता, दार खरवडत नव्हता. कोणीतरी आत आहे आणि कामात आहे, एवढ्याच समजुतीने थांबला होता. मी हाक मारली तेव्हा त्याने माझ्याकडे पाहून शेपटी हलवली आणि पुन्हा दाराकडे तोंड केले. मीही शेजारी बसलो. ऊन उतरल्यावर मी त्याला उचलून आणले, कारण त्याला ओढणे मला जमले नाही. हे आपणांस कळवावे की नाही याचा निर्णय होत नव्हता, म्हणून दोन ओळींत उरकले. क्षमा असावी.

आता चांगले वृत्त. ते आपल्यामुळेच देता येत आहे.

काशीबाई श्रावण लागण्यापूर्वीची शेवटची सुकी मासळी घेऊन आल्या होत्या. मी विषय काढला. त्यांनी पाटी खाली ठेवली. "कुत्र्याला जागा? अवो सायेब, मुंबयला मानसाला नाय मिलत!" मग सुभेदाराकडे पाहून, "ह्यो आनंदीबायचा ना? चिंचनीचा? वलखला नाय मी. लय वाललाय."

मी म्हणालो, "साखळीला असतो म्हणून."

"मंग आमच्या खल्यात आना."

मुरब्याला समुद्रालगत मासळी सुकवण्याचे त्यांचे खळे आहे. हंगामात तेथे बांबूंच्या वलांड्या उभारून बोंबील टांगतात. भटकी कुत्री शिरू नयेत म्हणून चारही बाजूंनी खुंट रोवून जुन्या जाळ्यांचे कुंपण घातलेले आहे. सध्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, वलांड्या उतरवून ठेवलेल्या, खळे रिकामे. कुत्र्यांना बाहेर ठेवण्यासाठी बांधलेली जागाच कुत्र्याला मोकळे सोडण्यास सर्वांत योग्य आहे, हे माझ्या ध्यानात आले नसते. काशीबाईंनाही त्यातली गंमत कळली होती. "माजी सासू असती," त्या म्हणाल्या, "तं कुत्र्याच्या आधी मलाच भायेर काढली असती."

पहिल्या सकाळी त्यांची सून नवसी आणि आणखी काही जणी जाळी विणायच्या निमित्ताने बघायला बसल्या. मी फाटक लावून घेतले आणि साखळी काढली. सुभेदार हलला नाही. माझ्या पायाशी, साखळी जेवढी लांब असते तेवढ्याच अंतरात, उभा राहिला. मी "जा" म्हटले. तो बसला.

"त्याला ठाव नाय सुटला ते," काशीबाई म्हणाल्या. "तुमी पला."

"मी?"

"मंग काय नवसी पलंल? सातवा लागलाय तिला!"

वहिनी, मी पायांतले बूट काढले, विजारीचे पाय वर दुमडले, आणि पळालो. शाळा सुटल्यानंतर मी पळालेला नाही. मागून बायका "धर, धर, सायबाला धर!" म्हणून ओरडत होत्या. कोपऱ्यापर्यंत पोहोचलो तेव्हा बाजूने काहीतरी भुर्रकन गेले. तो सुभेदार होता. त्याने खळ्याला असे काही फेर धरले की वाळू कुंपणापलीकडे उडाली. मी धापा टाकीत बांबूंच्या ढिगावर बसलो. डोळ्यांत वाळू गेली होती, असे मी त्या बायकांना सांगितले.

मी काशीबाईंना मुदत स्पष्ट करण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, "नारली पुनव होय तवर खला सुभेदाराचा. मंग आमचा." मी रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी त्याला नेतो. परत आल्यावर तो दिवसभर झोपतो. आमच्या कॉलनीचा उत्तरेकडचा पहारेकरी काल म्हणाला, "साब, अब ये रोता नहीं है." इतके दिवस सगळे त्याला भुंकणे म्हणत होते. या गृहस्थाला ते रडणे आहे हे ठाऊक होते.

आपण त्या बाईंचे नाव सुचवले नसते तर हे झाले नसते. आपला अत्यंत ऋणी आहे.

विश्राम

---

नागपूर,
२२ जुलै

प्रिय भाऊजी,

ओट्याचे वाचले आणि पत्र बाजूला ठेवले. दुसऱ्या दिवशी पुढचे वाचले, तेव्हा इतकी हसले की शालू हातातले लाटणे घेऊन बाहेर आली. तिला वाटले मला काही झाले. तुम्ही, दुमडलेली विजार, आणि मागे मुरब्याच्या बायका! हे असते तर त्यांनी अख्ख्या चिंचणीत सांगितले असते.

ओट्याचे लपवू नका हो असे पुन्हा. मीही त्याच दारासमोर बसलेली आहे, फक्त लांबून.

काशीबाईला माझा नमस्कार. नवसीला म्हणावे, पहिली वेळ असेल तर काळजी घे.

आनंदी

---

बोईसर,
गुरुवार, ८ ऑगस्ट १९८५

ती. वहिनींस,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहिण्याचे टाळत होतो, पण टाळणे योग्य नव्हे.

काशीबाईंनी दिलेली मुदत ३१ जुलैच्या पौर्णिमेला संपली. श्रावण लागल्याचे ऐकून मी ती पौर्णिमा माझ्या रोजनिशीत आधीच नोंदवून ठेवली होती. त्या दिवशी खळ्यात फक्त नवसी होती. मी तिला हात जोडून आभार मानले आणि आजपासून जागा तुमची, असे सांगितले. ती नुसती बघत राहिली. मुदत वाढवून मागावी असे एकदा मनात आले. परंतु त्या बायकांचा हंगाम वर्षाची भाकरी देणारा आहे. मी मागितले तर त्यांना भिडेने नाही म्हणता येणार नाही, आणि माझ्या कुत्र्यापायी त्यांच्या वलांड्या उशिरा उभ्या राहतील. ज्यांनी एवढे दिले त्यांना अडचणीत घालणे मला पटले नाही.

पहिले दोन दिवस त्याने वाट पाहिली. सकाळी स्कूटरजवळ जाऊन उभा राहायचा. तिसऱ्या दिवसापासून भोंग्याबरोबर पुन्हा तोच सूर, आणि आता भोंगा नसतानाही. मधली शांतता अनुभवल्यामुळे शेजाऱ्यांना तो अधिकच असह्य होतो आहे. समितीचे चिटणीस घरी येऊन गेले. ते कठोर गृहस्थ नाहीत. म्हणाले, "सावेसाहेब, तुम्हीच सांगा, आम्ही काय करावे?"

पोल्ट्रीवाल्यांना मी होकार कळवला आहे. रविवारी, अठरा तारखेला ते टेम्पो घेऊन येतील. आपण मला जे सोपवले ते मला सांभाळता आले नाही. तरीही त्या खळ्यात त्याला जे दिवस मिळाले त्यांबद्दल मी आपला व त्या माउलींचा आजन्म ऋणी राहीन.

विश्राम

---

तार
नागपूर, १३ ऑगस्ट

सुभेदार देऊ नका. अधिक महिन्यात नारळी पौर्णिमा नसते. खळे अजून तुमचेच. काशीबाईकडे जा.
आनंदी

---

बोईसर,
रविवार, २५ ऑगस्ट १९८५

ती. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

आपली तार घेऊन तारवाला आला तो पडलेल्या चेहऱ्याने. "सुभेदार देऊ नका" हे वाचून त्याची काय समजूत झाली कोण जाणे. मी तार वाचून मोठ्याने हसलो तेव्हा तो दोन पावले मागे सरकला.

यंदा श्रावण अधिक आहे, ही गोष्ट कॉलनीतल्या प्रत्येक जावयाला ठाऊक होती, कारण प्रत्येकाला अनारशांचे आमंत्रण आले होते. मला जावई होण्याचा योग आला नाही, आणि माझी रोजनिशी इंग्रजी. किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाने अधिकातल्या पौर्णिमेला नारळी समजावे, याला क्षमा नाही. अधिकात सण होत नाही, सण न झाल्यास दर्याला नारळ पडत नाही, आणि नारळ पडल्याशिवाय होडी लोटली जात नाही. हे सारे मी लहानपणी पाहिलेले आहे, आणि तरी विसरलो.

मी त्याच संध्याकाळी सुभेदाराला घेऊन मुरब्याला गेलो. काशीबाई दारातच उभ्या होत्या. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आधी सुभेदाराशी बोलल्या. "आला काय रं? मला वाटला मेलास. तुजा सायेब हात जोडून गेला, आमी म्हटला ह्याची बदली झाली." मग माझ्याकडे वळल्या. "पुनव कंची ती इचारायला काय झालता? तोंडात बोंबील होता?"

मी चूक मान्य केली.

"चूक नाय वो. तुमी लय सरल, त्येचा तरास हाय. कुनी ताटात वाढला तं हात आखडून बसायचा, आनि वाढनाऱ्याला वाटते ह्याला आवडला नाय."

वहिनी, हे वाक्य मी परत येताना स्कूटरवर मनाशी म्हणत आलो. मी आजवर याला सचोटी समजत होतो.

पोल्ट्रीवाले रविवारी आले. त्यांना चहा दिला, हेलपाटा झाल्याबद्दल क्षमा मागितली. त्यांनी सुभेदाराला पाहिले. तो सकाळी खळ्यात धावून आल्यामुळे पाय वर करून झोपलेला होता. "राखणीला हा नाहीच चालायचा," असे म्हणून ते संतोषाने गेले.

समितीचा अंतिम निर्णय गणपतीनंतरच्या सभेत होईल. खरी नारळी पौर्णिमा येत्या शुक्रवारी. त्यानंतर काय, असे मी काशीबाईंना या वेळी विचारून घेतले. होड्या तेव्हा जातील, परंतु उन्हाची खात्री पटल्याखेरीज बोंबील सुकवायला घालत नाहीत. म्हणजे दसऱ्यापर्यंत खळे आम्हाला आहे. "फुडचा फुडं बगू," त्या म्हणाल्या.

आपल्या तारेने एक जीव वाचवला. आभार मानायला माझ्यापाशी शब्द अपुरे आहेत.

विश्राम

---

नागपूर,
१० सप्टेंबर

प्रिय भाऊजी,

तारेची गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. सांगू की नको असे झाले होते. पण तुम्ही ओट्याचे सांगितलेत, तर मीही सांगते.

मी मजेत आहे असे लिहिले होते ते खरे नव्हते. इथे आल्यापासून मी जिना उतरलेच नव्हते. शालू म्हणायची, आई, देवळात चल. मी म्हणायची, गुडघे दुखतात. गुडघ्यांना काही झालेले नव्हते. खाली उतरून जायचे कुठे, हा प्रश्न होता. तुमचे पत्र आले तेव्हा घरात कोणी नव्हते. शालू शाळेत शिकवायला, जावई फिरतीवर. ती येईपर्यंत थांबले असते तर तारघर बंद झाले असते. मग वहाणा घातल्या आणि उतरले. रस्ता विचारीत विचारीत गेले. तारमास्तर म्हणाले, "आजी, शब्दाला पैसे पडतात, अधिक महिना कशाला घालता?" मी म्हटले, "बाबा, सगळे त्या अधिकातच आहे."

येताना वाट चुकले आणि एका बागेत शिरले. तिथे बाकावर बसले. किती तरी दिवसांनी वारा लागला अंगाला. तेव्हापासून रोज सकाळी जाते. खालच्या मजल्यावरच्या दोघी-तिघी बरोबर येतात. त्या मला काय विचारतात माहीत आहे? "सुभेदाराचे पत्र आले का?"

तेव्हा उपकार कोणी कोणावर केले, ते तुम्हीच तुमच्या पद्धतीने मांडून बघा.

आनंदी

---

बोईसर,
रविवार, ३ नोव्हेंबर १९८५

ती. वहिनींस,
सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यावर काही लिहिण्याची माझी योग्यता नाही. फक्त इतकेच, की त्या बागेतल्या मैत्रिणींना माझा नमस्कार सांगावा आणि हे पत्र त्यांनाही वाचून दाखवावे.

समितीची सभा झाली. त्या आधीची हकीकत अशी. गौरी-गणपती आटोपले. श्रावणापासून मासळी न खाल्लेली सारी कॉलनी काशीबाईंच्या पाटीकडे डोळे लावून होती. काशीबाई आल्या, फाटकाशी थांबल्या, आणि आत न येता सरावलीच्या चाळींकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी तेच. सरावलीला पापलेट आणि कॉलनीला पाठ. चिटणिसांच्या पत्नी फाटकापर्यंत धावत गेल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "आनंदीबायच्या कुत्र्याला काढनार तुमी? काढा. तुमची कालनी. पाटी माजी हाय."

मला हे समजताच मी मुरब्याला जाऊन त्यांना विनवले, की निर्णय दडपणाखाली होऊ नये. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमी तुमच्या समितीचा बगा, मी माज्या पाटीचा बगते."

सभेत मी एवढेच निवेदन केले की ऑगस्टच्या मध्यापासून तक्रारीला कारण घडलेले नाही, आणि शेजाऱ्यांनी वाटल्यास खोडून काढावे. कोणी खोडले नाही. रात्रपाळी करणारे शेजारी तर उठून म्हणाले की आता झोपमोड भोंगाच करतो, त्याला काढता येत असेल तर पाहा. कुत्रे राहण्यास हरकत नाही, असा ठराव एकमताने झाला. त्यात झोपेचा भाग किती आणि पापलेटाचा किती, याची विभागणी मी करू शकत नाही. दुसऱ्या सकाळी काशीबाई आत आल्या, आणि पहिला मासा त्यांनी चिटणिसांच्या घरी दिला.

दसऱ्यानंतर वलांड्या उभ्या राहिल्या. मी सुभेदाराला खळ्याचा निरोप घ्यायला नेले. निघताना त्याने कोपऱ्यातल्या वलांडीवरून बोंबील ओढला आणि तेथेच बसून खाल्ला. मी शरमेने काशीबाईंकडे पाहिले. त्या कुंपणाबाहेर बघत होत्या. दरवर्षी तेथे गावातली कुत्री फिरत असतात. त्या सकाळी ती लांब होडीच्या आडोशाला उभी होती, आणि सुभेदाराने मान वर करताच आणखी मागे सरकली. पावसाळाभर त्याने त्या जागेवर हक्क बजावलेला होता आणि सर्वांनी तो मान्य केला होता.

"ऱ्हाऊं दे त्याला," काशीबाई म्हणाल्या. "घरचा चोर एक असला की भायेरचे धा येत नाय."

तेव्हापासून मी त्याला सकाळी कामावर जाताना तेथे सोडतो आणि संध्याकाळी आणतो. दिवसभर तो खळ्यात, कधी वाळूवर, कधी पाण्यात. नवसीला मुलगी झाली आहे. तिच्या झोळीखाली तो दुपारी निजतो. साखळी मी व्हरांड्यातून काढून टाकली. रात्री तो आपण होऊन घरी राहतो.

आता शेवटचे. मला वाटले की या सर्वांचे आभार तोंडी मानून भागणार नाही. म्हणून मी एक आभारपत्र तयार केले, दोनदा तपासले, आणि आज सकाळी खळ्यात उभा राहून वाचले. बायका मासे टांगता टांगता ऐकत होत्या. "माझे ज्येष्ठ बंधू कैलासवासी आत्माराम यांच्या पश्चात" या ओळीवर माझा आवाज अडखळला आणि पुढचे वाचता येईना. मासे टांगणारे हात थांबले. मग काशीबाई जवळ आल्या, म्हणाल्या, "द्या हिकडं," आणि कागद माझ्या हातातून घेतला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, नीट घडी केली आणि कमरेच्या बटव्यात ठेवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे सुनेला बजावले, "नवसे, ह्या कागदात सुकट बांधायची नाय."

वहिनी, एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या सहीच्या कोणत्याही कागदाला इतका मान मिळालेला नाही.

आपला,
विश्राम